बाबा जेवत असावेत

हे लिहू नका, असं माझ्या मुलीचं म्हणणं होतं. आजाराबद्दल लिहा, औषधांबद्दल लिहा, पण ते नको. बायको म्हणाली, "लिहायचं तर सगळं लिहा, नाहीतर पेन खाली ठेवा." मी बायकोचं ऐकलं. जे मला आठवत नाही ते तिला विचारून लिहिलंय, आणि जिथे आमचं दोघांचं जुळलं नाही तिथे तिचं खरं धरलंय.

मी चौसष्ट वर्षांचा आहे. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं काढली, कंट्रोल रूममध्ये. शेवटची काही वर्षं शिफ्ट इन्चार्ज होतो. मूळचे आम्ही वाईकडचे, पण नोकरीसाठी इकडे आलो आणि इथलेच झालो. खारघरला सातव्या मजल्यावर घर आहे. बायको शालिनी माझ्याहून आठ वर्षांनी लहान, बेलापूरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. एकुलती एक मुलगी अश्विनी करंजाडेला राहते. मला डायबेटिस जुना आहे. स्मृतिभ्रंश नवा. डॉक्टर त्याला 'सुरुवातीचा टप्पा' म्हणतात. हा शब्द ऐकायला बरा वाटतो, पण सुरुवात कशाची, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

पनवेलचा दवाखाना

गणपती होऊन गेले होते. शालिनीच्या डोळ्यांची तपासणी होती, पनवेलला. डोळ्यांत थेंब घालून तिला बाकावर बसवलं होतं. थेंबांनी दोन-तीन तास समोरचं धूसर दिसतं. तपासणी संपली तेव्हा मी तिला म्हणालो, "तू बस, मी गाडी दारात घेऊन येतो."

मी पार्किंगमध्ये गेलो, गाडी काढली आणि सरळ खारघरला घरी आलो. चहा केला, टीव्ही लावला.

शालिनी बाकावर बसून राहिली. तासाभराने तिने रिसेप्शनवरच्या बाईंना माझा नंबर लावायला सांगितला, कारण तिला फोनवरचे आकडे दिसत नव्हते. माझा फोन सायलेंटवर. दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तेव्हा त्या बाईंनी अश्विनीला बोलावून घेतलं. तीन तास शालिनी माझी वाट बघत होती. मला काही झालं असेल, गाडी कुठे धडकली असेल, असं मनात आणत.

अश्विनी तिला हाताला धरून घरी घेऊन आली. मी दार उघडलं आणि म्हणालो, "अगं, कुठे गेली होतीस? निदान सांगून तरी जायचं."

अश्विनी रडायला लागली. मी आलटून पालटून दोघींकडे बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद दिला आणि म्हणाले, "काका, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." जन्मभर भिंतभर मीटरच्या काट्यांकडे बघून पगार घेतलेला मी माणूस. गोल काढला. आकडे घातले. ते सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसले आणि डावी बाजू रिकामी राहिली. चुकलंय हे मला दिसत होतं, कुठे चुकलंय ते कळत नव्हतं. मी कागदावर हात ठेवला. चौथीतलं पोर पाटी झाकतं तसा.

"काका, हात काढा," डॉक्टर हळूच म्हणाले.

बाहेर आल्यावर मी शालिनीला सांगितलं, त्यांचं पेन नीट चालत नव्हतं. ती "हो" म्हणाली. निदान झालं त्या दिवशीचं माझं हे पहिलं खोटं. त्यावर ती "हो" म्हणाली, हे मला बरं वाटलं, आणि तिथूनच मी बिघडलो असं आता वाटतं.

घर शिकतं

प्रश्न दुपारचा होता. शालिनी सकाळी साडेसातला निघते, पावणेतीनला येते. मधले सात तास मी एकटा. तिच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि ती नोकरी सोडायला निघाली होती. त्या लायब्ररीत तिचा जीव आहे, हे मला माहीत होतं.

अश्विनीने मृणाल मॅडमना शोधून काढलं. त्या चाळिशीच्या, आजारी माणसांना रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट. एका इंजिनिअरिंग कॉलेजबरोबर त्यांचं काम चालू होतं. आमच्यासारख्या घरांमध्ये त्या सेन्सर बसवून देत. कॅमेरा कुठेही नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. फ्रीजच्या दाराला एक बोटाएवढी पट्टी, मायक्रोवेव्हच्या प्लगला एक, गोळ्यांच्या डबीला एक, नळाला एक, आणि खोल्यांच्या कोपऱ्यांत हालचाल टिपणाऱ्या पांढऱ्या डब्या. पहिले दोन आठवडे घर नुसतं बघणार: हा माणूस कधी उठतो, कधी पाणी पितो, फ्रीज उघडल्यावर किती वेळाने मायक्रोवेव्ह लावतो. त्यावरून ते अंदाज बांधायला शिकणार.

मला मजा वाटली. मी मॅडमना म्हणालो, "हे तर आमचंच काम. फक्त टाकीच्या जागी मी." त्या हसल्या.

अश्विनीच्या फोनवर ओळी यायला लागल्या. 'बाबा उठले असावेत.' 'बाबांनी सकाळच्या गोळ्या घेतल्या असाव्यात.' 'बाबा जेवत असावेत.' प्रत्येक ओळीत असावेत, कारण यंत्र अंदाज करत होतं. आणि शनिवारी आठवड्याचा रिपोर्ट. नीट पार पडलेलं काम हिरवं, गोंधळ झालेलं पिवळं.

जेवायला काय अवघड आहे, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. ज्यांच्या घरी हा आजार नाही त्यांना सांगतो. शालिनी डबा भरून फ्रीजमध्ये ठेवायची. तो काढायचा, भाजी गरम करायची, ताटात घ्यायची, खायचं. चार पायऱ्या. मी डबा काढायचो आणि पुढचं काय ते हरवायचं. फ्रीज पुन्हा उघडायचो. मायक्रोवेव्ह डबा न ठेवताच लावायचो. एकदा पोळ्या दहा मिनिटं लावल्या, त्या पापडासारख्या झाल्या. एका जेवणाला दीड तास लागायचा. शनिवारी रिपोर्टमध्ये दुपारचा रकाना सगळा पिवळा. त्याखाली लिहिलेलं असायचं: 'फ्रीज नऊ वेळा उघडला.'

हे माझ्या मुलीने वाचलेलं असायचं. जावयानेही वाचलं असेल.

चाळीस मिनिटं

एका दुपारी मला बाथरूमपर्यंत पोचायला उशीर झाला. पुढचं लिहिताना हात अडतोय, पण ज्यांना हे होतं ते कुणाला सांगत नाहीत म्हणून लिहितो. कपडे खराब झाले. ते धुवून, फरशी धुवून, शालिनी यायच्या आत सगळं जागच्या जागी लावायचं म्हणून मी आत घासत बसलो होतो.

फोन वाजला. अश्विनी. "बाबा, चाळीस मिनिटं झाली बाथरूममध्ये आहात. नळ चालू आहे. सगळं ठीक ना?"

तिच्या आवाजात काळजी होती, दुसरं काही नव्हतं. पण हातात ओली पँट घेऊन पोटच्या मुलीला "ठीक आहे गं" म्हणताना मला जे वाटलं ते कोणावर येऊ नये. या पोरीला मी सायकल शिकवली होती.

त्याच दिवशी मी ठरवलं की यापुढे रिपोर्ट हिरवा आला पाहिजे.

वही

कंपनीत शिंदे नावाचा एक ऑपरेटर माझ्या हाताखाली होता. रात्रपाळीला टाकीवर चढून रीडिंग घ्यायचं, ते तो न चढता चहा पिता पिता अंदाजाने भरायचा. मी त्याला पकडलं, लेखी तक्रार केली, सगळ्या शिफ्टसमोर उभं केलं. "अरे, आकडा खोटा लिहिला तर उद्या इथे माणसं मरतील," असं मी त्याला सुनावलं होतं. त्याला निलंबित केलं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं.

आता मी काय केलं ते ऐका. एका वहीत मी वेळापत्रक लिहिलं. साडेबारा: फ्रीज उघडणे, एक मिनिट, बंद. मायक्रोवेव्ह रिकामा, दोन मिनिटं. नळ. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसणे, वीस मिनिटं, हालायचं नाही. ताटाला थोडी भाजी लावून ते सिंकमध्ये ठेवणे. पोळी-भाजी पेपरात गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत, तळाशी.

अर्ध्या तासाचं काम आणि चूक होण्याची भीती नाही. प्रत्येक पायरीपुढे मी टिक करायचो. खरं जेवण वहीत असं लिहून काढलं असतं तर मी जेवलो असतो, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. म्हणजे आजार किती होता आणि अहंकार किती, ते तुम्हीच ठरवा. भूक मला या आजारात तशीही नीट कळत नाही. गोळ्या मात्र मी इमानदारीने घ्यायचो, साखर कमी करणारी गोळीसुद्धा. रिकाम्या पोटी.

रिपोर्ट हिरवा झाला. शालिनीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. शाळेत तिने पुस्तकप्रदर्शन भरवायचं ठरवलं. मृणाल मॅडम म्हणाल्या, "काका, कमाल केलीत तुम्ही." माझी छाती फुगली. खोट्यावर मिळालेली शाबासकी खऱ्यासारखीच गोड लागते.

एक अडचण होती. स्टुलावर बसल्या बसल्या मला पेंग यायची, आणि पाऊण तास हालचाल दिसली नाही की अश्विनीला इशारा जायचा. तिचे फोन यायला लागले. मी मॅडमना सांगितलं, "जेवण झाल्यावर मी तिथेच पेपर वाचत बसतो. उगाच पोरीला टेन्शन येतं. ती मर्यादा वाढवा की." त्यांनी ती अडीच तासांची केली. कंपनीत कुणी अलार्मची मर्यादा अशी वाढवायला सांगितली असती तर मी त्याला उभा जाळला असता.

आणि घर शिकत होतं. फ्रीज, मायक्रोवेव्ह, नळ, मग स्वयंपाकघरात शुकशुकाट. याला जेवण म्हणतात, असं मी त्याला दोन महिने रोज शिकवलं.

बेबी

बेबी आमच्याकडे सहा वर्षं कामाला होती. भांडी आणि झाडू-पोछा, दुपारी दीडच्या ठोक्याला. जवळच्याच गावातली आगरी बाई, पन्नाशीची. आमची सोसायटी आहे तिथे तिच्या सासऱ्यांची भातशेती होती. कुठल्या बिल्डिंगखाली कुठला बांध होता ते ती सांगायची. मला ती दादा म्हणायची.

एकदा सिंकमधलं ताट हातात घेऊन तिने माझ्याकडे बघितलं. "दादा, जेवलाव ना?"

"जेवलो की."

ती ताटाकडे बघत राहिली. मग धुवायला लागली.

एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. सोबत कचरा नेणारे दोघे, हातात आमची पिशवी. सुक्या कचऱ्यात अन्न, तिसऱ्यांदा. त्यांनी दारातच पेपर उलगडला. चार पोळ्या आणि मेथीची भाजी. शालिनीने पहाटे उठून केलेली. समोरच्या फ्लॅटची मंडळी बाहेर येऊन बघत होती.

शालिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेबी आत फरशी पुसत होती, तिला तिने हाक मारली. "बेबी, डबा मी यांच्यासाठी भरून ठेवते. काही उरलं, तुला हवं असलं तर घरी ने, मी कधी नाही म्हटलंय? पण असं टाकायचं?"

"ताई, मी नाय टाकला."

"मग कोणी? दुपारी घरात तू आणि हे. हे तर जेवतात, रोज रिपोर्ट येतो आम्हाला."

बेबीने माझ्याकडे बघितलं. "दादांना ईचारा."

शालिनी वळली. "अहो?"

मी सोफ्यावर होतो. हातात पेपर होता. तेव्हा मला सगळं लख्ख आठवत होतं, हे इथे मुद्दाम लिहितो. विसरलो असं म्हणायची सोय नाही. वही कुठे आहे, पोळ्या किती होत्या, सगळं.

मी म्हणालो, "मला काय माहीत? मी जेवतो आणि पेपर वाचतो."

बेबीने फडकं बादलीत टाकलं. हात धुतले, पदराला पुसले. "ठीक हाय, ताई. माज्यावर आळ घेताव ना, मंग मी नाय येनार." सेक्रेटरींच्या, शेजाऱ्यांच्या मधून वाट काढत ती गेली. चपला तिने हातात घेतल्या, लिफ्टपाशी जाऊन घातल्या.

तो मंगळवार

त्यानंतर नवव्या दिवशी मी साडेबाराला फ्रीज उघडून बंद केला, रिकामा मायक्रोवेव्ह लावला, नळ सोडून बंद केला. एवढं आठवतं. घाम फुटला होता, हात थरथरत होते, समोरचं पांढरं दिसत होतं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि साखरेची गोळी घेतलेली होती. ओट्याला धरायला गेलो आणि खाली कोसळलो.

करंजाडेहून अश्विनी ऑफिसला जाते ती सीवूड्सला. तिच्या फोनवर ओळ आली: 'बाबा जेवत असावेत.' मग पुढची: 'बाबा विश्रांती घेत असावेत.' तिने ती बघितली आणि मीटिंगला गेली. दीड वाजता बेबी आली असती. तिच्याकडे आमच्या दाराची किल्ली असायची. ती किल्ली आता आमच्या खुंटीवर होती.

पावणेतीनला शालिनीने दार उघडलं तेव्हा मी फ्रीजच्या दाराशी पडलो होतो. कपाळाला खोक, ओठ निळे. ती मला हलवत ओरडत होती, असं शेजारी सांगतात. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर शुद्धीवर आलो नसतो.

वॉर्ड

दोन दिवस अतिदक्षता विभागात, मग जनरल वॉर्ड. सकाळी सहाला सिस्टर यायची, बोटाला सुई टोचून साखर बघायची, मग विचारायची, "काका, आज वार कोणता?" समोरच्या फळ्यावर वार-तारीख लिहिलेली असायची. मी तिकडे हळूच बघून सांगायचो. एकदा फळा बदलायचा राहिला होता. मी ठणकावून "गुरुवार" म्हणालो. शुक्रवार होता. सिस्टरने फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

शेजारच्या खाटेवर उरणकडच्या मोऱ्याचे एक म्हातारे कोळी होते, पायाचं बोट कापलेलं. दुसऱ्या दिवसापासून ते सिस्टर यायच्या आधी उठून छताकडे बघत मोठ्याने म्हणायचे, "आज शनवार हाय. शनवार." जणू स्वतःशीच. माझ्याकडे त्यांनी कधी बघितलं नाही. त्या आठवड्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी दया ती. पण ती मिळताना मला वाटायचं, या माणसाला खरं कळलं तर हा तोंड फिरवेल.

इकडे अश्विनी पेटली होती. तिने कॉलेजला पत्र लिहिलं. यंत्राने माझ्या बापाला मरणाच्या दारात नेलं, असं त्यात होतं. मृणाल मॅडमना जाब विचारला गेला. मी सगळं ऐकत होतो. पडून होतो. दोन दिवस.

शनिवारी दुपारी मृणाल मॅडम स्वतः आल्या. डोळे सुजलेले. शालिनी आणि अश्विनी दोघी होत्या. मॅडम माझ्या खाटेजवळ उभ्या राहिल्या. "काका, माफ करा. मी ती मर्यादा वाढवायला नको होती. बाकीच्या घरांतलंही आता काढून घ्यायचं ठरतंय. पण मला कळत नाही, पडण्याच्या आधीचा सगळा पॅटर्न जेवणाचाच कसा आला."

हात जोडून उभ्या होत्या त्या. माझ्यासमोर.

मी म्हणालो, "मॅडम, मशीन बरोबर होतं. मी जेवतच नव्हतो. मी त्याला खोटं शिकवलं."

मग अश्विनीने माझा हात धरला. "बाबा, तुमचा गोंधळ होतोय. पडा तुम्ही." आणि मॅडमना हळू आवाजात, "साखर कमी झाल्यापासून असं काहीही बोलतात."

मी सुटू शकत होतो. माझा आजारच माझा वकील झाला होता. गप्प बसलो असतो तर कोणी पुन्हा विचारलं नसतं. मी गप्प बसलो नाही, यात मोठेपणा नव्हता. जोडलेले ते हात मला बघवत नव्हते.

"शालू," मी म्हणालो, "माझ्या कपाटात स्वेटरच्या खाली एक वही आहे. निळी. घेऊन ये."

ती त्याच संध्याकाळी वही घेऊन आली. बसली नाही. उभ्यानेच वाचली, पान उलटत, एकेक टिक बघत. अश्विनीला माझ्यावर ओरडावंसं वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. शालिनीने वही मिटली. मी म्हणालो, "तुझी नोकरी सुटू नये म्हणून केलं गं." हे मी स्वतःलाही दोन महिने सांगत आलो होतो.

तिने विचारलं, "म्हणजे बेबी खरं सांगत होती?"

मी मान हलवली.

"आणि तुम्हाला तेव्हा माहीत होतं."

"हो."

ती खुर्चीवर बसली. पिशवीतून मोसंबं काढलं, सोललं, फोडी साफ केल्या आणि माझ्या हातात दिल्या. मग निघून गेली. पुढचे दोन दिवस ती येत होती, डॉक्टरांशी बोलत होती, मला भरवत होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सांगण्यासारखं

घरी आल्यावर मृणाल मॅडमनी सगळं पुन्हा शून्यापासून शिकवलं. यंत्राला आणि मला. बाकीच्या घरांतलं काम चालू राहिलं, हे ऐकून मला त्या दिवशी रडू आलं. आता शनिवारचा रिपोर्ट आधी मी वाचतो. त्यात पिवळं पुष्कळ असतं. दुपारी साडेबाराला शालिनी लायब्ररीतून व्हिडिओ कॉल लावते. ती तिचा डबा उघडते, मी माझा. ती सांगते, "आता भाजी गरम करा. आता ताट घ्या." तिच्यासमोर मुलं पुस्तकं बदलायला येतात, तीही मला बघतात. पहिल्या दिवशी वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. आता एक मुलगी रोज "आजोबा, भाजी कुठली?" म्हणून विचारते.

तुमच्या घरी असं काही बसवायला सांगितलं तर बसवा. पण आजारी माणसाला विचारा, त्याला कशाची लाज वाटते. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. पुढच्या सगळ्याला सुरुवात तिथे झाली.

गेटजवळ

बेबीला शेजारच्या सोसायटीत काम लागलं होतं. शालिनी आणि मी तिची सुटायची वेळ बघून गेटपाशी थांबलो. ती आली. शालिनीने आधी माफी मागितली. मग मी.

बेबीने ऐकून घेतलं. "मी बघलेला ना, दादा. ताट कोरडा असायचा. नुसती भाजी लावलेली."

"मग बोलली का नाहीस?" शालिनीने विचारलं.

"कोनाला बोलू? तुमच्याकडं मशीनचा कागुद होता, ताई. माज्याकडं काय होता?"

कामावर परत ये, असं शालिनी म्हणाली. बेबी नाही म्हणाली. "आळ सगल्यांसमोर घेतलाव. बोलायचा हाय तर सगल्यांसमोर बोला."

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात मी उभा राहिलो. सेक्रेटरी होते, समोरच्या फ्लॅटचे होते, कचरा नेणारे दोघे होते. बेबी दाराजवळ उभी होती. मध्येच हरवेन म्हणून मी कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचलं. सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या हो साळुंखे काका. आजारी माणूस तुम्ही, तुमच्या काय हातात असतं?"

मी म्हणालो, "आजारी आहेच. पण हे मी आजारामुळे केलं नाही."

हे वाक्य कागदावर नव्हतं.

बेबी आमच्याकडे परत आली नाही. यायलाही नको होती. इथपर्यंतचं मला आठवतं, थोडं पुसट का होईना.

यापुढचं शालिनीने सांगितलंय. त्यानंतर आठवड्याभराने मी दुपारी एकटाच खाली उतरलो आणि त्या गेटपाशी जाऊन उभा राहिलो. बाहेरच्या दारालाही आता पट्टी होती; दार उघडल्याची ओळ अश्विनीकडे गेली, तिने शालिनीला कळवलं, शालिनी रिक्षा करून आली. मी बेबीची माफी मागत होतो. बेबी म्हणाली, "दादा, सांगितलाव तुमी. झाला ते." मला पटलं नाही. काही दिवसांनी मी पुन्हा गेलो. पुन्हा तिने सांगितलं की झालं ते, आणि पुन्हा मी ऐकेना, चारचौघांत रडलो.

चौथ्या वेळी शालिनी पोचली तेव्हा बेबीने मला वॉचमनच्या खुर्चीवर बसवलं होतं. ती समोर उभी होती, हातात कामाची पिशवी, उन्हात. तिला अजून दोन घरची भांडी घासायची होती. मी फ्रीजपासून सुरुवात करून पेपरात गुंडाळलेल्या पोळ्यांपर्यंत सगळं सांगत होतो, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं, अडखळत. शालिनी पुढे व्हायला लागली तर बेबीने तिला हातानेच थांबवलं.

माझं संपेपर्यंत ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं झाला सांगितलाव."